समुद्राकाठच्या शहरात घरच्यांसोबत सायकल: पहिला मार्ग निवडताना आणि पारखताना

समुद्राकाठच्या शहरात सगळ्या घराने सायकलवर जायचं ठरलं की पहिल्यांदा आठवतो तो पाण्याला लागून जाणारा रस्ता. तो असतोही तसा सोयीचा. बहुतेक सपाट, एका बाजूने फाटेच नाहीत, वाट चुकायची भीती नाही. पण त्याच रस्त्यावर वारा अडवायला काही नसतं, सावली क्वचित असते आणि सुट्टीच्या संध्याकाळी निम्मं शहर तिथे पायी उतरलेलं असतं. सोबत आठ वर्षांचं मूल, गुडघे दुखणारी आजी किंवा हाताने चालवायची तीनचाकी वापरणारा भाऊ असेल, तर रस्ता नुसता देखणा असून भागत नाही.

घरच्यांसाठीचा मार्ग मी परतीवरून जोखतो. निघताना सगळ्यांच्याच अंगात दम असतो. येताना ऊन चढलेलं असतं, वारा फिरलेला असतो, पाणी पुढे सरकलेलं असतं आणि मूल पेंगुळलेलं असतं. त्या वेळी जो मार्ग सगळ्यांना सुखरूप घरी आणतो, तोच पहिल्या फेरीसाठी घ्यावा. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

पायरी 1: आधी माणसं, मग नकाशा

कोण कोण येणार आणि कुणाची सायकल कसली, हे आधी कागदावर लिहून काढा. या यादीतली सगळ्यात सावकाश आणि सगळ्यात रुंद सायकल जी असेल, तिच्यावरून मार्ग ठरवायचा.

तान्ह्या मुलाला सायकलवरच्या खुर्चीत बसवायची घाई करू नका. मान नीट सावरून, आधाराशिवाय बसता येईपर्यंत थांबा. पहिला वाढदिवस उलटून गेलेला असला तर उत्तम. युरोपीय मानकाप्रमाणे मागे लावायच्या खुर्च्या 9 ते 22 किलो आणि पुढे लावायच्या 9 ते 15 किलो वजनाच्या मुलांसाठी असतात. मूल खुर्चीत बसलं की सायकलचं वजन वरच्या बाजूला जातं, म्हणून सायकल स्टँडवर लावून मुलाला त्यात बसलेलं कधीच सोडू नका. किनाऱ्यावर एक जोरदार झोत आला तरी ती आडवी होते.

स्वतःची सायकल चालवणाऱ्या लहान मुलाची सीट इतकी खाली हवी की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकतील. पुढच्या वर्षीही चालेल म्हणून मोठी सायकल घेतली, तर मुलाचं सगळं लक्ष तोल सांभाळण्यात जातं आणि रस्त्याकडे बघणं राहून जातं.

तोल सांभाळणं जड जाणाऱ्यांसाठी तीनचाकी असते, पायांत बळ नसणाऱ्यांसाठी हाताने फिरवायची सायकल असते आणि दृष्टिहीनांसाठी दोघांनी पुढेमागे बसून चालवायची टँडेम. टँडेमवर हँडल आणि ब्रेक पुढच्याच्या हातात असतात. त्याने प्रत्येक वळण, खड्डा आणि थांबा आधी बोलून सांगायचा, कारण मागच्याला तो फक्त शरीराला बसलेल्या धक्क्यातून कळत असतो. ज्येष्ठांना स्वतः चालवणं शक्य नसेल, तर पुढे दोघांचं आसन असलेल्या तीनचाकी मिळतात. कोपनहेगनमध्ये ओले कासो यांनी 2012 मध्ये वृद्धांना अशाच सायकलीतून फिरवायला सुरुवात केली आणि पुढे ‘सायकलिंग विदाउट एज’ या नावाने ते काम कितीतरी देशांत पोचलं. सायकल चालवता येत नाही म्हणून कुणाला घरी ठेवायचं काही कारण नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

पायरी 2: वाटांचे प्रकार ओळखा

नकाशा उघडलात की किनाऱ्यावरच अडकू नका. बहुतेक किनारी शहरांत आणखी तीन तऱ्हेच्या वाटा सापडतात आणि नवख्यांसाठी त्या बरेचदा जास्त चांगल्या असतात.

पहिली, खाडीच्या किंवा नदीच्या काठाची. ती सपाट असते, पाण्याचा सहवास मिळतो आणि उघड्या समुद्राइतका वारा लागत नाही. दुसरी, बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे असा मार्ग आखतानाच चढ अगदी हलका ठेवलेला असतो आणि वळणं ऐसपैस असतात. स्पेनमध्ये 1993 पासून जुने लोहमार्ग ‘बिया बेर्दे’ (हिरवी वाट) म्हणून चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना खुले केले जात आहेत. तिसरी वाट म्हणजे किनाऱ्याला समांतर, एक-दोन रस्ते आतून जाणारे वस्तीतले रस्ते. इमारती वारा अडवतात, झाडं असतात, गाड्या हळू चालतात. ही वाट फोटोत उठून दिसत नाही, पण दुपारच्या परतीला हिच्यासारखी दुसरी वाट नाही.

किनाऱ्याचाच रस्ता घ्यायचा असेल तर आधी एक पाहा: सायकल आणि पायी चालणारे वेगळे केले आहेत का? व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कभोवतीच्या समुद्रभिंतीवर दोघांच्या पट्ट्या वेगळ्या आहेत आणि सायकलींना घड्याळाच्या काट्यांच्या उलट, एकाच दिशेने जावं लागतं. समोरून कुणी येतच नाही, त्यामुळे मूल थोडं वाकडंतिकडं गेलं तरी निभावतं. चीनमधल्या शियामेन या किनारी शहरात 2017 मध्ये फक्त सायकलींसाठी 7.6 किमीचा उंचावरचा रस्ता झाला. असं काही तुमच्या शहरात असेल तर पहिली पसंती त्याला द्या. सगळ्यांचा मिळून एकच फरसबंद रस्ता असेल, तर तिथे फक्त पहाटे जा.

मग चढ पाहा. बऱ्याच नकाशांत मार्गाची चढ-उताराची रेघ दिसते. दर 100 मीटरला 3 मीटरपर्यंतचा चढ मुलं सहसा काढतात. 5 मीटरच्या पुढे उतरून ढकलणं सुरू होतं. हाताने चालवायच्या सायकलवर उतरून ढकलायची सोयच नसते, म्हणून तिथे निकष आणखी कडक ठेवा. किनारी शहरात चढ लपून बसतो तो खाडीवरच्या पुलांच्या तोंडाशी. नकाशावर तो ठिपक्याएवढा दिसतो, प्रत्यक्षात पुलावर चढ आणि आडवा वारा एकदमच भेटतात.

शेवटी, वाट मधेच सोडता येते का, ते बघा. दर दोन-तीन किलोमीटरवर स्टेशन, जेट्टी किंवा गाडी बोलावता येईल असा रस्ता हवा. लोकल गाडीत किंवा बोटीत सायकल घेतात का, आणि घेत असतील तर तीनचाकीही चालते का, हे आधीच विचारून ठेवा. साध्या सायकलीला मुभा आणि लांब-रुंद सायकलीला मनाई, असं बरेच ठिकाणी असतं.

पायरी 3: वाऱ्याचं वेळापत्रक समजून घ्या

नवखे लोक उन्हाची आणि पावसाची चौकशी करतात, वाऱ्याची करत नाहीत. किनाऱ्यावर दमवतो तो वाराच.

शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे इथे रोजच्या कामाला येतात. उन्हाने जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा आत येते. हा खारा वारा सकाळ सरता सरता सुरू होतो, दुपारी जोर धरतो आणि संध्याकाळनंतर पडतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. या दोन्हींच्या मधला सकाळचा वेळ बहुधा शांत असतो. मोठं वादळ किंवा मोसमी वारे असतील तेव्हा हे वेळापत्रक मोडतं, एरवी उन्हाच्या दिवसांत त्यावर बराच भरवसा ठेवता येतो.

वारा किती फरक पाडतो ते आकड्यात बघा. तुम्ही ताशी 12 किमीने चालला आहात आणि समोरून 18 किमीचा वारा आला, तर अंगावर येणारी हवा 30 किमीची होते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे इथे तो सहा पटींहून जास्त झाला. मोठं माणूस गिअर बदलून रेटून नेईल. सात वर्षांच्या मुलाला तेवढ्यासाठी रडू येईल आणि त्याचा काहीच दोष नसेल.

यावरून मार्ग असा आखायचा: जाताना वारा तोंडावर घ्या, येताना पाठीवर. शहराच्या आतून समुद्राकडे जाऊन परत येणारा मार्ग या दृष्टीने फार चांगला. सकाळी शांत हवेत समुद्र गाठायचा, आणि परतायला उशीर झालाच तर खारा वारा मागून ढकलत घरी आणतो. किनाऱ्याला समांतर मार्गावर हाच वारा आडवा लागतो. रस्ता समुद्राला लागून असेल तर तो तुम्हाला जमिनीच्या बाजूला, म्हणजे गाड्यांकडे लोटतो. तिथे मधे कठडा किंवा झाडांची रांग नसेल तर दुपारी मुलांना नेऊ नका. दोन उंच इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत झोत एकदम बसतो. मुलांना आधी सांगा, ‘आता वारा येईल, हँडल घट्ट धर.’ मागे मुलांची छत असलेली गाडी जोडली असेल तर ती वाऱ्यात जास्त ओढ खाते.

हवामानाच्या अंदाजात वाऱ्याचा सरासरी वेग आणि झोतांचा वेग असे दोन आकडे असतात, त्यांतला झोतांचा बघा. रस्त्यावर सुटे कागद आणि धूळ उडायला लागली की वारा ताशी 20 किमीच्या पुढे गेलाय असं समजा. त्या दिवशी खाडीकाठ किंवा वस्तीतली वाट धरा.

पायरी 4: भरती-ओहोटी

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे जाते. गेल्या रविवारी नऊ वाजता वाळू मोकळी होती म्हणून या रविवारीही असेल, हे गृहीत धरू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते आणि पाणी सगळ्यात वर चढतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची, ती बेताची असते. भरतीचं वेळापत्रक आधी पाहून मगच दिवस ठरवा.

पुळणीवर सायकल चालवायला मुलांना फार आवडतं आणि स्थानिक नियम आड येत नसतील तर ओहोटीला ते छान जमतं. वाळू चालवण्याजोगी आहे का, हे टाचेने कळतं. टाच दाबल्यावर जेमतेम उमटली तर चाक चालेल. घोटा रुतायला लागला तर परत फिरा. पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी उतरा आणि पाणी फिरल्यावर रेंगाळू नका. पुळणीवर एखादा ओढा किंवा खाडीचं तोंड आडवं येत असेल तर ते ओलांडून पलीकडे जाऊ नका. जाताना पावलापुरतं असलेलं पाणी येताना कंबरेइतकं होऊ शकतं आणि ते वाहतं असतं. तीनचाकी आणि हाताची सायकल पुळणीवर उतरवायची असेल तर चढून परत यायला पक्का उतार आहे याची खात्री करा.

डांबरी रस्त्यावरही भरतीचा हिशेब लागतो. उधाणाला वारा समुद्राकडून असेल तर लाटा भिंतीवरून रस्त्यावर येतात. पाणी ओसरल्यावरही मागे वाळू, शेवाळ आणि खडे उरतात. होड्या उतरवायच्या उतारावरचं हिरवं शेवाळ तर इतकं निसरडं असतं की तिथे सायकल हातात धरूनही जाऊ नये.

पायरी 5: एकट्याने जाऊन या

ही पायरी कुणी गाळू नये असं मला मनापासून वाटतं. घरच्यांना ज्या वारी आणि ज्या वेळी न्यायचं आहे, त्याच वारी त्याच वेळी एकट्याने तो मार्ग करून या. मंगळवारी दुपारी रिकामा दिसलेला रस्ता रविवारी सकाळी ओळखू येत नाही.

गाड्या आत येऊ नयेत म्हणून सायकल-वाटेच्या तोंडाशी खांब किंवा नागमोडी कठडे लावलेले असतात. दोनचाकीवर आपल्याला ते जाणवतही नाहीत. तीनचाकीवाल्याचं पुढचं चाक खांबांमधून पार होतं, हँडलही पार होतं आणि मागचं चाक खांबाला अडतं. बसलेल्या माणसाला मागे वळून बघता येत नाही, उतरता येत नाही आणि मागे रांग लागते. कुणी तरी येऊन सायकल उचलून काढेपर्यंत त्याला तसंच बसून राहावं लागतं. ब्रिटन सरकारच्या 2020 च्या सायकल-रस्त्यांविषयीच्या सूचनांत म्हणूनच 2.8 मीटर लांब आणि 1.2 मीटर रुंद सायकल गृहीत धरून वाट आखायला आणि खांबांमध्ये दीड मीटर जागा सोडायला सांगितलं आहे. तुम्ही आपल्या सायकलीच्या रुंदीची काठी सोबत घ्या आणि प्रत्येक खांबाजवळ आडवी धरून बघा. नागमोडी कठड्यात नुसती रुंदी पुरत नाही, वळायलाही जागा लागते.

पायऱ्यांना पर्यायी उतार कुठे आहे आणि तो किती तीव्र आहे, हेही बघा. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचं ठरलेलं प्रमाण 1:12 असतं, म्हणजे एक मीटर उंचीला बारा मीटर लांबी. याहून तीव्र उतार दिसला तर मदतीला माणूस लागेल. रस्ता एका बाजूला कललेला असेल तर दोनचाकीला काही होत नाही, तीनचाकी मात्र सतत त्या बाजूला ओढत राहते आणि खांदे भरून येतात.

बाकी गोष्टी भराभर टिपा: लाकडी फळ्या कुठे आहेत, फटी चाकाच्या दिशेने आहेत की आडव्या, वळणावर वाळू साचते का, मोठा रस्ता किती ठिकाणी ओलांडावा लागतो आणि हिरवा दिवा सगळ्यात सावकाश माणसाला पुरतो का. पिण्याचं पाणी, सावलीतला बाक आणि स्वच्छतागृह कुठे आहे, हे लिहून ठेवा. स्वच्छतागृहाचं दार उघडून बघा, कुलूप लावलेलं असू शकतं. चाकाची खुर्ची किंवा कुबडी घेऊन आत जाता येईल का, तेही तिथेच कळेल.

पायरी 6: अंतर

पहिल्या वेळी जाऊन-येऊन पाच-सहा किलोमीटर पुष्कळ झाले. लहान मूल ताशी आठ-दहा किमीने चालतं, थांबे धरून दीड तास सहज जातो. कुठून परत फिरायचं हे ठरवण्याऐवजी किती वाजता फिरायचं ते ठरवा आणि ती वेळ पाळा.

पायरी 7: निघण्याआधी

हवा, ब्रेक, चेन. टायरच्या बाजूला हवेच्या दाबाची मर्यादा छापलेली असते, त्या मर्यादेत ठेवा. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक फिरता कामा नये. मुलाच्या बोटांना ब्रेकची मूठ पोचते का, हे मुलालाच दाबायला लावून बघा.

हेल्मेट बसवताना घाई होते, म्हणून थोडं सविस्तर. ते कपाळावर आडवं, भुवईच्या वर दोन बोटांवर असायला हवं; मागे सरकलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या खाली येऊन जुळावेत. हनुवटीखालच्या पट्ट्यात एखादं-दोन बोटं जातील एवढीच सैल जागा ठेवा. मग मुलाला मोठी जांभई द्यायला सांगा. हेल्मेट डोक्यावर थोडं खाली ओढलं गेलं तर पट्टा बरोबर बसला. पडून आदळलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी पुन्हा वापरू नका.

उन्हाचं सांगायचं तर, किनाऱ्यावर ते वरून येतं आणि खालूनही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कोरडी वाळू अतिनील किरणांचा सुमारे 15 टक्के भाग परत फेकते आणि समुद्राचा फेस सुमारे 25 टक्के. पातळ ढगांतूनही हे किरण बरेचसे खाली येतात, त्यामुळे आभाळ आलेलं असलं तरी पूर्ण बाह्या, मानेवर कापड आणि मलम हवंच. गार वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही आणि घाम वाळून जातो, म्हणून पाणी तहान लागायची वाट न बघता पाजत राहा.

हाताने चालवायची सायकल बुटकी असते, गाडीवाल्याच्या नजरेत येत नाही. तिच्यामागे उंच काठीला झेंडा लावा.

पायरी 8: रस्त्यावर

दोन मोठी माणसं असतील तर एक पुढे, एक शेवटी, मधे मुलं. मोठं एकच असेल तर मुलाला पुढे ठेवा आणि स्वतः मागे, गाड्यांच्या बाजूला थोडं बाहेर राहा. म्हणजे मूल डोळ्यांपुढे राहतं आणि मागून येणाऱ्या गाडीला आधी तुम्ही दिसता. लहान मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग नीट जोखता येत नाही, त्यामुळे रस्ता कधी ओलांडायचा हा निर्णय त्यांच्यावर सोडू नका. मोठ्या रस्त्यावर सगळे उतरून, एकत्र ओलांडा.

बंदराच्या भागात रस्त्यात रूळ असतात, काही शहरांत ट्रामचेही. रुळाच्या खाचेत चाक अडकलं की सायकल जागच्या जागी पडते. रूळ नेहमी काटकोनात ओलांडा. त्यासाठी आधीच थोडं बाहेर जाऊन वळायला लागलं तरी चालेल. पावसात किंवा दवात रूळ ओले असतील तर मुलांना उतरवा.

पायी चालणाऱ्यांच्या मागे जाऊन एकदम घंटी वाजवली तर माणूस दचकून नेमका आडवा येतो. लांबूनच वाजवा, वेग कमी करा, आणि त्याने ऐकलं नाही तर पुन्हा पुन्हा वाजवू नका. त्याला ऐकू येत नसेल, असं धरून सावकाश बाजूने जा.

ढगांचा गडगडाट ऐकू आला की उघड्या किनाऱ्यावरून निघा आणि पक्क्या इमारतीत जा. झाडाखाली किंवा उघड्या मंडपात थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडायचं नाही.

पायरी 9: घरी आल्यावर

खारी हवा सायकलीला खाते. दमला असाल तरी त्याच दिवशी गोड्या पाण्याने सायकल धुवा. पाण्याचा जोरदार फवारा चाकाच्या बेअरिंगवर मारू नका, खारं पाणी आत जातं. ओला फडका आणि मग साधी धार पुरते. वाळू आधी ब्रशने झाडा, नाहीतर पुसताना रंगावर चरे पडतात. चेन कोरडी पुसून तिच्यावर थोडं तेल सोडा, पायडल उलटे फिरवा आणि वर राहिलेलं तेल पुसून टाका. जास्त तेलाला पुढच्या वेळी वाळू चिकटते. सीटचा दांडा अधूनमधून बाहेर काढून ग्रीस लावा, कारण खाऱ्या हवेत अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना लागून असले की तो आतच धरून बसतो आणि मूल वाढलं तरी सीट वर करता येत नाही. मुलांच्या गाडीची आणि तीनचाकीची जोडणीची खीळही पुसून तेल लावा. हेल्मेटचे पट्टे साबणाच्या पाण्यात धुवून सावलीत वाळत घाला.